सिकलसेलच्या औषधाचा पुरावा: एचबी वाढलं, की दुखणं थांबलं?

इतवारीकर

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या पालकांचा आमचा गट आहे. तिथे एका आईने विचारलं, "परदेशात एचबी (हिमोग्लोबिन) वाढवणारी गोळी निघाली होती, ती आपल्या लेकरांना काहून भेटत नाही? इथे मात्र तीच ती जुनी कॅन्सरची गोळी देतात." तिथे दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहितो. माझी मुलगी एसएस आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेली, पूर्ण आजार असलेली. जे काही वाचलं ते तिच्यासाठी वाचलं.

औषधाच्या संशोधनात मी आधी एकच बघतो: मोजलं काय? ती गोळी म्हणजे व्हॉक्सेलोटर. 2019 च्या चाचणीत 274 रुग्ण होते. मोठा डोस घेणाऱ्यांपैकी 51 टक्के लोकांचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून जास्त वाढलं, औषध नसलेली नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत फक्त 7 टक्के लोकांचं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण क्रायसिस, म्हणजे अचानक येणारे दुखण्याचे झटके, औषधाच्या गटात वर्षाला सरासरी 2.77 आणि साखरगोळीच्या गटात 3.19. म्हणजे ठामपणे सांगावा असा फरक नाहीच. तरी एचबीच्या जोरावर अमेरिकेत त्याच वर्षी तातडीची मंजुरी मिळाली. पुढच्या चाचण्यांमध्ये काय दिसलं? पक्षाघाताचा धोका असलेल्या मुलांच्या एका चाचणीत औषधाच्या गटात 8 मृत्यू, दुसऱ्या गटात 2. सप्टेंबर 2024 मध्ये फायझरने हे औषध जगभरातून मागे घेतलं.

आता ती 'जुनी गोळी', हायड्रॉक्सीयुरिया. अमेरिका आणि कॅनडातल्या 299 प्रौढांवरची चाचणी 1995 मध्ये छापून आली. सगळे वर्षाला किमान तीन क्रायसिस येणारे. औषध घेणाऱ्यांना वर्षाला मध्यक (मधल्या रुग्णाचा आकडा) 2.5 क्रायसिस, न घेणाऱ्यांना 4.5. रक्त चढवायची वेळही कमी लोकांवर आली. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. इथे मोजलं ते दुखणं, जे माझ्या मुलीला होतं.

आणि अमेरिकेचं आपल्याला कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी: आपल्याच मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, 60 मुलांवर अशी चाचणी झाली, 2012 मध्ये छापून आली. 5 ते 18 वर्षांची, वारंवार भरती होणारी किंवा रक्त घ्यावं लागणारी मुलं. निम्म्यांना किलोमागे 10 मिलिग्रॅम हायड्रॉक्सीयुरिया, निम्म्यांना साखरगोळी, कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. दीड वर्षात औषधाच्या गटात क्रायसिस, भरती, रक्त चढवणं, तिन्ही कमी झालं. नागपूरच्या लेकरांवर नागपुरात मिळालेला हा पुरावा नागपूरच्याच आईबापांना माहीत नसावा, याचं मला फार वाईट वाटतं.

नंदनवन_निशा

दादा, तळमळ पोचली, पण मी सहमत नाही.

माझा भाऊ एसएस आहे. हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेऊनही त्याचं एचबी सहाच्या आसपासच असतं आणि दोन जिने चढला की धाप लागते. त्याच्यासाठी एचबी हा रिपोर्टावरचा नुसता आकडा नाही. जोरदार अॅनिमिया असलेल्यांत मेंदू आणि मूत्रपिंडाचे त्रास जास्त दिसतात, हे आधीपासून माहीत होतं. म्हणून एचबी वाढवून बघावं हा विचार मुळात चुकीचा नव्हता. मृत्यू, पक्षाघात मोजत बसायचं तर दहा वर्षं आणि हजारो रुग्ण लागतात. तोवर आजारी माणसाने काय करायचं?

दुसरं. तुमच्या आवडत्या गोळीवर तरी डॉक्टर काय बघतात? एचबीएफ (बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन) किती वाढलं, हेच ना? मग तो आकडा चालतो आणि हा चालत नाही, असं का?

इतवारीकर

निशाताई, एचबीएफ चालतो, कारण ते वाढल्यावर दुखणंही कमी होतं हे वेगळं मोजून झालं आहे. व्हॉक्सेलोटरच्या बाबतीत ती दुसरी पायरी कोणाला गाठताच आली नव्हती. चढायला गेले तेव्हा उलटंच दिसलं.

वाट बघणं कठीण आहे, हे मला कळतं. पण त्या चाचणीतली आठ लेकरंही कोणाची तरी होती.

वॉर्ड_नं_सहा

मी बालरोग विभागात रेसिडेंट आहे. इतवारीकर काका, निष्कर्ष पटतो, पण तुमची कसोटी अपुरी आहे.

सिकलसेलच्याच क्रिझॅनलिझुमॅब या औषधाचं उदाहरण घ्या. 2017 ची चाचणी, 198 रुग्ण. तिथे दुखणंच मोजलं होतं, एचबी नाही. वर्षाला 1.63 क्रायसिस विरुद्ध 2.98. तुमच्या नियमाने हे औषध पास व्हायला हवं, आणि झालंही. मग मोठी चाचणी झाली, त्यात साखरगोळीपेक्षा जास्त फायदा दिसलाच नाही, आणि 2023 मध्ये युरोपने मंजुरी काढून घेतली. योग्य गोष्ट मोजूनही एकटी चाचणी फसवू शकते.

हायड्रॉक्सीयुरियाचं बळ कोणत्याही एका पेपरात नाही. अमेरिकेतले प्रौढ, नागपूरची शाळकरी मुलं, आफ्रिकेतली लहान मुलं, वेगवेगळे डोस, वेगवेगळे डॉक्टर, आणि उत्तर त्याच दिशेचं. नऊ ते अठरा महिन्यांच्या बाळांवरची 2011 ची चाचणी तर मुख्य उद्दिष्टात अपयशी ठरली: प्लीहा आणि मूत्रपिंड वाचवण्यात ठोस फरक दिसला नाही. तरी हातापायांची सूज आणि दुखणं कमी झालंच. न जमलेलंही छापून आलं, म्हणून त्या साहित्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

आणि आम्ही प्रत्येक एसएस मुलाला फॉलिक अॅसिड लिहितो. त्याचा चाचण्यांमधला आधार अगदी तोकडा आहे. स्वस्त आहे, धोका नगण्य आहे, म्हणून चालतं. महागड्या किंवा धोक्याच्या औषधाला तेवढ्यावर सोडता येणार नाही. पुरावा किती हवा हे औषध काय किमतीचं आणि किती जोखमीचं यावरही ठरतं.

देवलापारचा_गणू

तुमी सगळे शिकलेले, आकडे मांडून राहिले. आमच्या इकडचं सांगतो. भाच्याले वैद्याचा पाला सुरू केला. त्याआधी पोट्टं सारखं भरती राहे. पाला सुरू झाल्यावर सहा महिने हाड दुखलं नाही. आमी डोळ्यानं पाह्यलं, ते पुरावा नाही का? कॅन्सरची गोळी लेकराले देऊन पुढं त्याले लेकरं नाही झाली तर कोण जबाबदार?

इतवारीकर

गणूभाऊ, भाच्याला बरं वाटलं याचा आनंदच आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण माणूस नवीन औषध कधी धरतो? दुखणं शिगेला पोचलं की. सिकलसेलचे क्रायसिस लाटेसारखे येतात, सगळ्यात वाईट काळानंतर बरा काळ बहुतेक येतोच, पाला द्या की नका देऊ. म्हणून तर साखरगोळीचा गट लागतो. ज्याला काहीच दिलं नाही तोही किती सुधारला, हे कळल्याशिवाय औषधाचं श्रेय किती ते ठरत नाही.

झाडपाल्याला ही परीक्षा देता येत नाही असंही नाही. नायजेरियात नायप्रिसान नावाचं वनस्पतींचं औषध 82 रुग्णांवर असंच तपासलं गेलं आणि दुखणं कमी झाल्याचं दिसलं. आणखी मोठ्या चाचण्या हव्यात, पण रस्ता तोच. तुमच्या वैद्यांचा पालाही असा तपासला जावा, असं मला मनापासून वाटतं.

वॉर्ड_नं_सहा

गणूदादा, मूल होण्याची काळजी रास्त आहे. या औषधाने पुरुषांत शुक्राणू कमी होऊ शकतात, आणि गरोदरपणी ते टाळायला सांगतात. मोठ्या मुलांशी आणि घरच्यांशी हे आधीच बोलायला हवं. ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं. या गोळीने कॅन्सर होईल ही भीती मात्र या रोगात, या डोसवर, इतक्या वर्षांच्या नोंदींमध्ये खरी ठरलेली नाही.

देवलापारचा_गणू

ठीक आहे, समजलं. पण माझा खरा मुद्दा आता आयका. मेडिकलमधी गोळी फुकट भेटते. पण रक्त तपासायले परत परत या म्हणतात. देवलापारवरून येणं म्हणजे एका माणसाची मजुरी बुडाली, एस.टी.चं भाडं गेलं, आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. तुमच्या त्या चाचणीतल्या साठ लेकरांकडं डॉक्टर जातीनं पाहत असन. आमच्याकडं कोण पाह्यते? दोन महिने गोळी घेतली, तिसऱ्या महिन्यात संपली, मंग पाला. चाचणीतली गोळी अन् आमच्या घरातली गोळी एकच नाही ना, भाऊ.

वॉर्ड_नं_सहा

या धाग्यातला सगळ्यात वजनदार आक्षेप हा आहे. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरत नाहीत ना, हे बघायला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लागतेच. चाचणीत ती वेळेवर होते. गावात नाही झाली तर फायदा कमी आणि धोका जास्त. 1 जुलै 2023 ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं होतं. तपासणी होऊन निदान झालेल्यांची सीबीसी तालुक्यालाच व्हायला हवी, नाहीतर 'आमच्याकडे पुरावा आहे' हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगायचं?

नंदनवन_निशा

यावर मी डॉक्टरांसोबत आहे. पण जाता जाता डोसचं विचारते, कारण त्यावर कोणी बोललं नाही. युगांडात 187 मुलांवर तुलना झाली, 2020 मध्ये छापली: किलोमागे ठरलेला 20 मिलिग्रॅम, की रक्त बघत बघत जवळपास 30 पर्यंत वाढवत नेणं. वाढवणाऱ्या गटात क्रायसिस, भरती, रक्त चढवणं इतकं कमी झालं की चाचणी लवकर थांबवली. आपल्याकडे 10 वर समाधान. आपल्या लोकांत एचबीएफ मुळातच जास्त असतं म्हणून कमी डोस पुरतो, असं सांगतात. पण नागपूरच्या त्या अभ्यासाने 10 ची तुलना साखरगोळीशी केली, 20 शी नाही. माझ्या भावाला 10 पुरत नसेल तर?

वॉर्ड_नं_सहा

ताई, त्याचं शेवटचं सीबीसीचं कार्ड आणि वजन घेऊन ओपीडीत या. पेशी चांगल्या असतील तर डोस वाढवण्याचा विचार आम्ही करतो. पण 10 विरुद्ध 20, आपल्या मुलांत, समोरासमोर, अशी मोठी चाचणी व्हायला हवी. रुग्ण इथे आहेत, कॉलेजं इथे आहेत, औषध स्वस्त आहे. पेटंट कोणाचं उरलेलं नाही, त्यामुळे कंपनी पैसे लावणार नाही. सरकारनेच लावायला हवेत.

इतवारीकर

पालकांच्या गटातर्फे तशी मागणी लिहून द्यायला मी तयार आहे. गणूभाऊ, तालुक्याला सीबीसी ही तुमची मागणी पहिल्या क्रमांकावर टाकतो. निशाताई, डोसचा मुद्दा तुमच्याच शब्दांत लिहून द्या.