पुराणकथांवरचे विद्यार्थी-कलाप्रकल्प : काय टिकतं, काय फसतं

वार्षिक प्रदर्शनं उरकली. भिंतीवरचे दशावतार उतरले, मुखवटे कपाटावर गेले. पुढच्या वर्षीच्या मुलांना कामी येईल असं काही डोकं थंड असताना लिहून ठेवावं म्हणून हा धागा. ज्यांनी असे प्रकल्प करवून घेतलेत, परीक्षण केलंय किंवा साहित्य पुरवलंय त्यांनी लिहा. "मुलांनी फार मेहनत घेतली" हे सगळ्यांना माहीत आहे, ते नको. किती माप घेतलं, कुठे बिघडलं आणि का, एवढंच हवं. लांबी कितीही चालेल.

कलेचा इतिहास शिकवणारी, डेक्कन

सुरुवात कथेपासून करते, कारण निम्मे प्रकल्प ब्रश हातात घ्यायच्या आधीच फसलेले असतात.

"महाभारत" हा विषय होत नाही, एक क्षण हा विषय होतो. आणि तो क्षण कुठल्या पाठातला, म्हणजे कथेच्या कुठल्या रूपातला, हे मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला हवं. आपण पुण्यात आहोत, भांडारकर संस्था हाकेच्या अंतरावर. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या संहितेचं) काम तिथे १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहितोय हा प्रसंग त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. मयसभेतलं "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्यही संहितेत नाही. म्हणून ते चितारू नये असं अजिबात नाही. लोकांच्या तोंडी असलेली कथा हाही पाठच आहे. फक्त चित्राखाली "महाभारतातून" न लिहिता "प्रचलित कथेवरून" असं लिहावं. परीक्षकाशी होणारा निम्मा वाद तिथेच मिटतो.

दुसरं, कथेतल्या अटी म्हणजे चित्राची यादी असते. नरसिंह घ्या. वर असा की दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. म्हणजे संध्याकाळचा उजेड, उंबरठा, मांडी आणि नखं. या चार गोष्टी दिसल्या की कथा कळते. दहातली आठ मुलं मागे निळंशार दुपारचं आकाश रंगवतात, पात्रं दरबाराच्या मधोमध ठेवतात आणि सगळी ताकद रक्तात घालतात. उंबरठा काढलाच नाही तर ती नुसती मारामारी होते. कच्च्या रेखाटनाआधी अशा अटींची यादी करायला लावा, दहा मिनिटांचं काम आहे.

चित्रकथी शैलीवर कार्यशाळा घेणारा, कर्वेनगर

वरच्या ताईंना अनुमोदन. चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची लोककला) करायची असेल तर आधी राजा केळकर संग्रहालयात जाऊन पैठणी शैलीची चित्रं पाहून या. फोनवर पाहिली की रेषेची जाडी कळत नाही. पिंगुळीची परंपरा वेगळी. कुडाळजवळच्या या गावातला ठाकर समाज ती चालवत आलाय. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रांच्या सुट्या पानांचा गठ्ठा म्हणजे पोथी, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक दाखवून झालं की पान उलटायचं. त्यामुळे मुलांनी एकच भलं मोठं चित्र करण्यापेक्षा सहा पानांची पोथी केली तर शैलीला धरून होतं.

आता रंग. बाभळीचा डिंक एक भाग, पाणी तीन भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळून घ्या. त्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब, नाहीतर चौथ्या दिवशी बुरशी. वस्त्रगाळ गेरू दोन चमचे, डिंकपाणी एक चमचा, पुढे पाणी थेंबाथेंबाने. कोपऱ्यावर पट्टा मारून पूर्ण वाळू द्या आणि अंगठा घासा. अंगठ्याला रंग आला तर डिंक कमी पडलाय. मग कागद थोडा वाकवा. रंगाला बारीक भेगा गेल्या तर डिंक जास्त झालाय. या दोन चाचण्या प्रत्येक रंगाला वेगळ्या कराव्या लागतात, कारण प्रत्येक पूड डिंक सारखा पीत नाही.

काजळ पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगत राहतं, कारण ते तेलकट असतं. आधी दोन थेंब स्पिरिटमध्ये कालवा, मग डिंकात खला. हळद सुंदर दिसते पण उन्हात महिन्याभरात उडते, आणि शेजारी चुन्याचा पांढरा लावला तर कडेने लाल होते. देवीच्या पिवळ्या साडीला असा लाल काठ आपोआप आलेला पाहिलाय. मुलीला वाटलं जादू झाली. खडूची पूड डिंकात ओली असताना झाकत नाही, म्हणून मुलं थरावर थर देतात आणि वाळल्यावर पापुद्रे सुटतात. पांढऱ्यासाठी सरळ पोस्टर कलर घ्या, कुणी पाप लावणार नाही.

रेषा शेवटी, एका दमात. पेन्सिलीवर गिरवलेली रेषा चित्रकथीत लगेच ओळखू येते, ती चाचरते.

गंजिफाचं काम जाणणारा, नारायण पेठ

वर्गासाठी गंजिफासारखा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसारखा, प्रकल्प नाही, कारण हिशेबच जुळतो. दशावतारी गंजिफाचे दहा रंग (इस्पिक-बदामसारखे गट), प्रत्येकात बारा पानं : राजा, प्रधान आणि एक ते दहा. म्हणजे १२० पानं. दहा मुलांचा गट, प्रत्येकाला एक अवतार. वीस मुलं असतील तर दोन जोड.

राजाच्या पानावर अवतार, बाकीच्यांवर त्याची खूण : मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. नवव्या अवताराला बुद्ध काढायचा की विठ्ठल, हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत दोन्ही सापडतात. गटाने ठरवावं आणि कारण वहीत लिहावं.

चकती साधारण ६ सेंटीमीटर व्यासाची. पारंपरिक पद्धत जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायची. मुलांसाठी दोन बाजूंना हातकागद आणि मध्ये एक थर जुन्या धोतराचा, एवढं पुरतं. चिंचोके भाजून टरफल काढा, रात्रभर भिजवा, वाटा. एक वाटी वाटणाला आठ वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. पळीवरून तार धरली की उतरवा. आच मोठी ठेवली तर गुठळ्या होतात आणि त्या थरांमध्ये उंचवटे म्हणून कायम राहतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आधी चकत्या कापून मग थर चिकटवणं. तसं करू नका. पूर्ण ताव चिकटवा, दोन पाटांमध्ये दहा-बारा किलो वजनाखाली दोन दिवस ठेवा, पाट आणि ताव यांच्यामध्ये रद्दी घालून ती रोज बदला, आणि मगच कापा. रंगाचा अस्तर दोन्ही बाजूंना एकाच दिवशी द्या. एकाच बाजूला दिला तर ती बाजू आकसते आणि चकतीची वाटी होते. वाटी झालेलं पान पुन्हा सपाट होत नाही.

आता चपडा लाख, म्हणजे रंगवलेल्या चकत्यांवर शेवटी द्यायचा लेप. १०० मिली स्पिरिटला १८ ते २० ग्रॅम. रात्रभरात विरघळते, मग गाळून घ्यायची. मऊ कापडाने पातळ तीन हात, मध्ये तासाभराचं अंतर. खिडक्या उघड्या आणि जवळपास काडी-उदबत्ती नाही, हे मुलांना आधीच बजावा. डिंकातले रंग स्पिरिटमध्ये हलत नाहीत, त्यामुळे चित्र सुरक्षित राहतं. पण बाह्यरेषा पर्मनंट मार्करने काढलेली असेल तर पहिल्याच हाताला मत्स्यावताराचा डोळा गालावर उतरतो. मार्करची शाईही स्पिरिटमध्येच विरघळते.

जुलै-ऑगस्टमध्ये लाख लावू नये. पुण्याच्या पावसाळी हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि लाखेवर दुधाळ ढग येतो. मुलं घाबरून वर आणखी एक हात देतात आणि ढग आत कोंडतो. कोरड्या दिवशी निव्वळ स्पिरिटचा बोळा जवळजवळ कोरडा करून अलगद फिरवला की बहुतेक वेळा जातो. आणि गेल्या वर्षीची विरघळवलेली लाख वापरू नका. ती चिकटच राहते, सुकत नाही.

पाठ सगळ्यांची एकाच रंगाची. कुणीतरी हौसेने पाठीवर नाव घालतंच. मग पत्ते खेळता येत नाहीत, समोरच्याला पान ओळखू येतं.

नाटकाचं नेपथ्य आणि मुखवटे करणारी, सदाशिव पेठ

मुखवट्यांचं बोलते. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले (मुखवटे घालून नाचायच्या उत्सवातले) मुखवटे आधी पाहावेत, छायाचित्रात का होईना. त्यात डोळे किती मोठे आणि कडा किती जाड ठेवल्यात ते बघा. लांबून दिसण्यासाठीचं काम आहे ते.

शाडूचा साचा, त्यावर व्हॅसलीन, पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा. पुढचे थर खळीचे : मैदा एक वाटी, पाणी पाच वाट्या, शिजवून. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा पांढऱ्या कागदाचा, असं आलटून पालटून. म्हणजे किती झाले ते मोजता येतं आणि कुठे राहिलंय ते रंगावरून दिसतं. एकूण आठ थर. एका दिवसात तीनपेक्षा जास्त नाहीत. घाई करून सगळे एकदम दिले की वरून टणक, आतून ओला, आणि चार दिवसांनी कुबट वास. खळ टिकावी म्हणून मीठ घालण्याचा सल्ला कुणीतरी देतंच. पावसाळ्यात मीठ ओल ओढतं, मुखवटा सादळलेला राहतो. मोरचूद जुने कारागीर वापरतात, पण ते विषारी आहे, शाळेत नको.

कागद फाडायचा, कात्रीने कापायचा नाही. फाडलेली कड विरळ असते म्हणून जोड दिसत नाही.

बघायची भोकं रंगवलेल्या डोळ्यांत पाडू नका. रंगवलेला डोळा मोठा आणि बाजूला असतो, मुलाचा खरा डोळा तिथे येतच नाही. साचा करतानाच मुलाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजून घ्या (साधारण ५.५ ते ६ सेंटीमीटर भरतं) आणि भोकं भुवईच्या किंवा गालाच्या सावलीत लपवा.

रावण. मधलं तोंड मुलाचं, उरली नऊ. म्हणजे एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला चार. कसंही करा, सारखी वाटणी होत नाही. एकेक डोकं १२ सेंटीमीटर रुंद आणि मधलं १८ धरलं, ओळीने लावली तर एकूण १२६ सेंटीमीटर. वर्गाचं दार ९०च्या आसपास. रावण दारात आडवा अडकतो आणि पहिलं टोकाचं डोकं तिथेच जातं. म्हणून एकावर एक सरकवून लावा. पहिल्या डोक्याचं मध्य चेहऱ्याच्या मध्यापासून १४ सेंटीमीटरवर, पुढचं प्रत्येक सात-सातवर. रुंदी ८९ वर येते. तरी तिरकंच न्या.

तोलाचा प्रश्न राहतोच. डोकं ६० ग्रॅमचं असेल तर पाचवं डोकं ४२ सेंटीमीटरवर लोंबतं, म्हणून मान त्या बाजूला कलते. चार डोक्यांच्या बाजूच्या शेवटच्या डोक्यात, म्हणजे ३५ सेंटीमीटरवर, साधारण ७२ ग्रॅमचे छर्रे किंवा वॉशर पिशवीत बांधून चिकटवा. पट्टा कपाळावर नको, हेल्मेटसारखा डोक्यावरून आणि हनुवटीखालून.

रेखाटनवर्ग नेणारा, सोमवार पेठ

थोडक्यात लिहितो. रेखाटनासाठी त्रिशुंड गणपती. बांधकाम १७५४ ते १७७०. तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती सगळ्यांना माहीत असतो, पण दर्शनी भागावर साखळीने जखडलेला गेंडा आणि सोबतचे शिपाई मुलं पाहतच नाहीत. पुराण आणि समकाळ एकाच भिंतीवर कसे येतात ते इथे दिसतं. दगड काळा आहे, पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने केलं की सगळं राखाडी होतं. करडा कागद, कोळसा आणि पांढरा खडू न्या. दगडावर कागद ठेवून ठसा घेऊ देऊ नका. पुजाऱ्यांना विचारूनच बसा, दारातली वाट अडवू नका.

सावल्यांचे खेळ करणारी, कोथरूड

काळा कार्ड ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम). सांधे दोऱ्याच्या गाठीने, पिनेने नाही. पिन सैल झाली की हनुमानाचा हात खाली पडतो. सावली फिकी पडते तेव्हा मुलं दिवा बदलून मोठा लावतात. चूक तिथेच. मोठ्या दुधी बल्बने कडा पसरतात, ट्यूबलाइटने तर विचारूच नका. एकच लहान उघडा एलईडी, पडद्यापासून दीड मीटरवर, आणि बाहुली पडद्याला टेकलेली. राक्षस मोठा करायचा असेल तर बाहुली दिव्याकडे न्या. कड थोडी धूसर होईल, ते राक्षसाला शोभतं. पडद्याला मांजरपाट नको, त्याचा पिवळेपणा आणि गाठी दिसतात. पांढरं पॉपलीन ताणून लावा.

प्रदर्शन मांडणारा आणि परीक्षण करणारा, शिवाजीनगर

डिस्टेंपरच्या भिंतीवर डबल टेप रात्रीतून सुटतो, भिंतीचा पापुद्राही घेऊन येतो. दोरी ताणून चिमटे लावा. देवतांची चित्रं पायाच्या उंचीवर किंवा चपलांच्या रांगेशेजारी ठेवू नका. नंतर कोण दुखावलं याच्या बैठका घेण्यापेक्षा आधी दोन फूट वर लावणं सोपं. भंडारा खरा उधळायचा मोह खंडोबाच्या प्रकल्पात होतो. खाली प्लॅस्टिक अंथरा आणि शेजारच्यांची चित्रं हलवा. हळद हातकागदात शिरली की निघत नाही.

चित्राखालची चिठ्ठी तीन ओळींची : कोणता प्रसंग आणि कुठल्या कथेवरून, साहित्य, नाव व इयत्ता. कथा पूर्ण लिहू नका, मग लोक चिठ्ठी वाचतात आणि चित्र राहून जातं.

वहीबद्दल. "या प्रकल्पातून मी काय शिकलो" असं विचारलं की तीस वह्यांत एकच उत्तर येतं. त्याऐवजी तीन प्रश्न द्या : कोणता निर्णय मध्येच बदलला आणि का, कुठलं साहित्य वाया गेलं आणि किती, कथेतलं काय मुद्दाम सोडलं. फसलेल्या चकत्या आणि रंगांचे चाचणी-पट्टे त्याच वहीत चिकटवायला लावा. परीक्षणात आधी तेच पान उघडलं जातं.

धागाकर्ता

साहित्य कुठे मिळेल असं दोघांनी विचारलंय. गेरू, डिंक, चिंचोके मंडई-तुळशीबाग भागातल्या काष्ठौषधींच्या दुकानात. चपडा लाख, स्पिरिट, वॉशर बोहरी आळीत. हातकागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत. लाख घेताना पत्री, म्हणजे तिचे पातळ पापुद्रे, बघून घ्या, गठ्ठा झालेली असेल तर ती जुनी आहे.