व्हिडिओ नाही, डाउनलोड नाही, तरी कॉम्प्युटर रोज १५ जीबी खातोय

उंबरठा११
विंडोज ११ चा डेस्कटॉप, राउटरला केबलने जोडलेला, अपलोड स्पीड २० एमबीपीएस. नेहमीचा वापर दिवसाला ३-४ जीबी. आता सर्व्हिस प्रोव्हायडरच्या पोर्टलवर रोज १४-१५ जीबी दिसतो. वाय-फायचा पासवर्ड बदलला, अँटिव्हायरसचा फुल स्कॅन केला, काही सापडलं नाही. टास्क मॅनेजर उघडून बघावं तर नेटवर्क जवळपास शून्य. शनिवार-रविवारी मात्र आकडा आपोआप खाली येतो. पोर्टल चुकतंय म्हणावं तर तसंही वाटत नाही. सुरुवात कुठून करू?

पॅकेटमोजणी
आधी हा खर्च कॉम्प्युटरचाच आहे का ते पक्कं करा. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडा, इथरनेटवर राइट क्लिक करून स्टेटस बघा. तिथे सेंट आणि रिसीव्ड असे दोन आकडे बाइट्समध्ये दिसतात. सकाळी लिहून ठेवा, रात्री पुन्हा लिहा, वजाबाकी करा. मध्ये रीस्टार्ट करू नका, आकडे शून्यावर येतात. ही वजाबाकी पोर्टलच्या आकड्याच्या बरीच खाली असेल तर चोर दुसरीकडे आहे: टीव्ही, फोन, कॅमेरा. क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग पाठवणारा कॅमेरा ४ एमबीपीएसने दिवसाला ४३ जीबी चढवतो, कोणी बघत असो वा नसो.

उलट वजाबाकी पोर्टलपेक्षा जास्त आली तरी घाबरू नका. घरातल्या घरात दुसऱ्या मशीनवर किंवा नेटवर्क ड्राइव्हवर केलेली कॉपीही या आकड्यांत धरली जाते, प्रोव्हायडरच्या हिशोबात ती येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिशा. रिसीव्ड फुगलं असेल तर अपडेट, गेम लाँचर, आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारा टॅब यांच्याकडे बघा. सेंट फुगलं असेल तर बॅकअप, फोटो सिंक, टॉरंट, किंवा तुमची लाइन दुसऱ्यांना वापरायला देणारं एखादं फुकट व्हीपीएन. एकूण आकडा धरून बसलात तर या दोन याद्या एकमेकींत मिसळतात आणि लोक विनाकारण विंडोज नव्याने टाकून बसतात.

शून्यएक
टास्क मॅनेजर त्या क्षणापुरतं सांगतो, म्हणून तुम्हाला शून्य दिसलं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, डेटा युसेज इथे प्रोग्रॅमवार हिशोब मिळेल. मग रिसोर्स मॉनिटरचा नेटवर्क टॅब उघडा आणि सेंड कॉलमवर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. शेवटच्या मिनिटाची सरासरी दिसते, त्यामुळे क्षणभर थांबलेली प्रोसेसही सुटत नाही.

तिथे एसव्हीसीहोस्ट सापडला तर लगेच व्हायरस समजू नका. तो विंडोजच्या बऱ्याच सर्व्हिसेस चालवणारा यजमान आहे. त्याचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) टिपा, टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये त्याच ओळीवर राइट क्लिक करून गो टू सर्व्हिसेस निवडा. डीओएसव्हीसी निघाली तर ती डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन: तुमच्याकडे उतरलेले अपडेटचे तुकडे ती इतर कॉम्प्युटरना पाठवू शकते. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ती बंद करा किंवा फक्त घरच्या नेटवर्कपुरती ठेवा. तिथल्याच ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये महिन्याभरात किती पाठवलं तेही दिसतं.

बिट्स (मागच्या मागे फाइली आणणारी-पाठवणारी विंडोजची सर्व्हिस) निघाली तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बिट्स-क्लायंटचा ऑपरेशनल लॉग वाचा. इव्हेंट ५९ म्हणजे ट्रान्स्फर सुरू, ६० म्हणजे थांबला, आणि सोबत पत्ता असतो. तोच पत्ता रोज दिसत असेल तर एखादं अपडेट उतरतंय, बसताना फेल होतंय आणि पुन्हा उतरतंय. अपडेट हिस्टरीत त्याच नंबरसमोर फेल्डची रांग असेल.

झटपट
एवढं कशाला? कनेक्शन मीटर्ड करा, म्हणजे डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगा, विषय संपला. इथरनेटलाही चालतं.

पॅकेटमोजणी
संपत नाही. मीटर्ड ही विंडोजने प्रोग्रॅमना केलेली विनंती आहे, बंदी नाही. विंडोज अपडेट ती पाळतं, वनड्राइव्ह सिंक थांबवतं, पण बाकीचे कित्येक प्रोग्रॅम तिकडे बघतही नाहीत. अपडेट मागे पडतात ते वेगळंच. महिनाअखेरीला कोटा वाचवायला ठीक, निदानासाठी निरुपयोगी.

उंबरठा११
आकडे घेतले. सेंट १०.७ जीबी, रिसीव्ड ३ च्या आसपास, म्हणजे कॉम्प्युटरच. डेटा युसेजमध्ये सगळ्यात वर बॅकअपचा प्रोग्रॅम आहे. पण त्यात फक्त डॉक्युमेंट्स फोल्डर दिलंय आणि मी दिवसाला जेमतेम दोन-चार फाइली बदलतो, त्याही काही एमबीच्या. आतमध्ये मेलची ५.२ जीबीची पीएसटी फाइल आहे, पण ती बॅकअपला लावली तेव्हाच एकदा चढली होती.

पोर्ट४४३
तीच आहे. पीएसटी म्हणजे सगळे मेल एकाच फाइलमध्ये. मेल प्रोग्रॅम नुसता उघडून बंद केला तरी तिची मॉडिफाइडची वेळ बदलते. काही बॅकअप प्रोग्रॅम बदललेला भागच पाठवतात, काही अख्खी फाइल नव्याने चढवतात. तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतो. मेल प्रोग्रॅम चालू असेपर्यंत फाइल लॉक असते. तो बंद केलात की ती मोकळी होते आणि अपलोड सुरू. तुम्ही दुपारी आणि संध्याकाळी असं दोनदा बंद करत असाल, तर ५.२ दुणे १०.४, वर टीसीपी-आयपीच्या हेडरचे (डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर लागणाऱ्या पत्त्याच्या चिठ्ठीचे) साधारण ३ टक्के, झाले १०.७. शनिवार-रविवारी कामाचे मेल उघडत नसाल, म्हणून आकडा खाली.

२० एमबीपीएसने एका फेरीला जेमतेम ३८ मिनिटं लागतात. बाकी दिवसभर टास्क मॅनेजरला दाखवायला काहीच नाही.

खात्रीसाठी: बॅकअप चालू ठेवून फक्त ती फाइल एक्सक्लूड यादीत टाका आणि एक कामाचा दिवस सेंटचा आकडा बघा. मग कायमचा बंदोबस्त:

प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ब्लॉक-लेव्हल किंवा डेल्टा अशा नावाची, बदललेला भागच पाठवणारी सोय आहे का पाहा. असेल तर चालू करा. पहिल्यांदा पुन्हा एकदा पूर्ण फाइल जाईल, ते गृहीत धरा.

नसेल तर जुने मेल वेगळ्या पीएसटीत हलवा आणि ती मेल प्रोग्रॅममधून काढून टाका. नुसती वेगळी करून उपयोग नाही. डाव्या यादीत जोडलेली राहिली तर तीही दर वेळी उघडते आणि पुन्हा चढते. चालू फाइल रोजच्या बॅकअपबाहेर ठेवून आठवड्यातून एकदा तिची कॉपी बॅकअपच्या फोल्डरमध्ये टाका, मेल प्रोग्रॅम बंद असताना. फाइल आहे तेवढीच राहिली तरी महिन्याला २२ जीबीच्या आसपास जातील. आत्ता कामाच्या २२ दिवसांत २३५ जातायत.

अशीच आणखी एखादी मोठी फाइल आत आहे का तेही बघा. व्हर्च्युअल मशीनची (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरची) डिस्क यात सगळ्यात वाईट, नुसती बूट केली तरी ४० जीबीची फाइल बदललेली ठरते. ओएसटी दिसली तर ती सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते, सहसा बॅकअपमध्ये लागतच नाही.

उंबरठा११
एक्सक्लूड केली, सेंट ३०० एमबीवर आला. डेल्टाची सोय या प्रोग्रॅममध्ये नाही, तेव्हा आठवड्याची कॉपीच करतो. एकच उरलं: पोर्टलवर अपलोड ११.५ दिसत होतं, माझ्याकडे १०.७. आणि राउटरच्या पानावर तर ४ च्या वर आकडा कधी जातच नाही!

शून्यएक
विंडोज १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं, तुमचा प्रोव्हायडर बहुतेक १०० कोटी. १०.७ ला १.०७४ ने गुणा, ११.५ येतील. राउटरचा काउंटर ३२ बिटांचा असणार. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की तो पुन्हा शून्यापासून मोजतो. नवीन फर्मवेअरमध्ये (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ६४ बिटांचा काउंटर आला असेल तर अपडेट करा, नाहीतर त्या पानावर विसंबू नका.