क्यूबन आणि जॉर्डनी स्थलांतरित (अमेरिका): आर्थिक तुलना करताना काय काय जुळवून घ्यावे?

पूर्वा_एमए

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी अमेरिकेतल्या दोन स्थलांतरित समाजांची आर्थिक तुलना घेतली आहे: क्यूबात जन्मलेले आणि जॉर्डनमध्ये जन्मलेले. आयपम्स (जनगणना-सर्वेक्षणांच्या नोंदी देणारे संकेतस्थळ) वरून अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेची (एसीएस) २०१८-२२ ही पाच वर्षांची फाइल उतरवून घेतली आहे. मांडणी अशी ठरवली आहे की क्यूबनांना सरकारने हात दिला, जॉर्डनींना दिला नाही, तर कुटुंबाच्या मध्यक उत्पन्नात फरक किती पडला ते पाहायचे.

शंका तीन आहेत. ही मांडणी टिकेल का? 'जॉर्डन' या नोंदीत पॅलेस्टिनी किती मिसळलेले असतात, आणि ते वेगळे काढता येतात का? आणि उत्पन्नाखेरीज आणखी कोणते रकाने घ्यावेत? संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर 'आर' (R) आहे.

आकडेमोड

आधी फायलीचे बघू, मांडणीचे नंतर.

एका वर्षाचा एसीएस म्हणजे लोकसंख्येच्या साधारण १ टक्का नमुना. क्यूबात जन्मलेले १३ लाखांहून जास्त, त्यामुळे तिकडे नोंदींची ददात नाही. जॉर्डनमध्ये जन्मलेले मात्र लाखाच्या आतले, म्हणजे वर्षाला हजाराहूनही कमी नोंदी. पाच वर्षांच्या फायलीत त्या चारेक हजारांच्या घरात जातात. त्यातून २५ ते ६४ वयाचे काढा, मग स्त्री-पुरुष, मग आगमनाचे वर्ष, मग राज्य असे तुकडे पाडलेत की एकेका कप्प्यात तीस-चाळीस माणसे उरतात. राज्यवार तक्ता जॉर्डनींसाठी करूच नका. फार तर न्यू जर्सी-न्यूयॉर्क, इलिनॉय, कॅलिफोर्निया आणि 'बाकी सगळे' इतपत.

नेहमी होणाऱ्या चुका:

एचएचइन्कम (घराचे एकूण उत्पन्न) या रकान्यात ९९९९९९९ हे उत्पन्न नसून 'लागू नाही'चा संकेत आहे. इन्कवेजमध्ये (पगार-मजुरी) तेच काम ९९९९९९ करतो. पॉव्हर्टीमध्ये (दारिद्र्यरेषेच्या तुलनेत उत्पन्न) शून्य म्हणजे गरीब नव्हे, तर मोजलेच नाही असा माणूस, उदाहरणार्थ वसतिगृहातला. हे आधी गाळले नाही तर जॉर्डनी विद्यार्थी तुमच्या दारिद्र्याच्या टक्क्यात जाऊन बसतील.

वजन (एक नोंद किती जणांच्या वतीने आहे तो आकडा): माणूस मोजताना पीईआरडब्ल्यूटी, घर मोजताना एचएचडब्ल्यूटी. घराचे उत्पन्न माणसाच्या वजनाने काढले की मोठी कुटुंबे जास्त वेळा मोजली जातात, आणि तुमच्या दोन गटांत कुटुंबाच्या आकाराचाच तर मोठा फरक आहे.

प्रमाणत्रुटी साध्या सूत्राने काढू नका. ८० प्रतिकृती वजने दिलेली असतात. प्रत्येकाने अंदाज पुन्हा काढायचा, मूळ अंदाजापासूनच्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची, तिला ४/८० ने गुणून वर्गमूळ. आरमध्ये सर्व्हे पॅकेजला ही वजने दिली की ते स्वतःच करते.

शिवाय २०२० च्या माहितीवर कोविडमुळे प्रतिसादाचा परिणाम आहे. ते वर्ष गाळून एकदा पडताळा घ्या.

उंबरठा

मांडणी टिकणार नाही. 'मदत मिळाली / मिळाली नाही' हा फरक खरा आहे, पण त्याच्याही आधी दार वेगळे आहे, आणि ते दार कोणाला आत घेते हेच आकड्यांत दिसते. मदतीचा परिणाम समजून तुम्ही निवडीचा परिणाम मोजाल.

क्यूबनांचे दार म्हणजे २ नोव्हेंबर १९६६ चा क्यूबन अ‍ॅडजस्टमेंट कायदा. १ जानेवारी १९५९ नंतर तपासणी होऊन रीतसर किंवा पॅरोलवर (व्हिसा नसताना सरकारने दिलेली तात्पुरती प्रवेशमुभा) आत आलेल्या क्यूबनाला अमेरिकेत राहून ठरावीक काळ झाला (आधी दोन वर्षे, आता एक) की ग्रीनकार्डचा अर्ज करता येतो. मागे कोणी पुरस्कर्ता लागत नाही, रांग लागत नाही, आणि 'सरकारवर भार पडेल' ही अट त्याला लागू नाही. आणखी एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो: ग्रीनकार्डवरची तारीख मागे नेली जाते, अर्जाच्या जास्तीत जास्त ३० महिने आधीपर्यंत किंवा शेवटच्या आगमनापर्यंत, यांतली जी अलीकडची असेल तिथपर्यंत. नागरिकत्वासाठीची पाच वर्षे तिथून मोजली जातात. म्हणून क्यूबन लवकर नागरिक होतो, आणि नागरिकत्व हा रकाना तुम्ही 'मुरण्याचे' माप म्हणून वापरलात तर फसाल.

जॉर्डनींना ही सोय नाही. बहुतेक जण नातेवाइकांच्या अर्जावर, विद्यार्थी म्हणून किंवा नोकरीच्या व्हिसावर येतात. नातेवाइकाच्या मार्गात पुरस्कर्त्याला आय-८६४ हे हमीपत्र भरावे लागते, त्यात उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी दाखवायचे असते. म्हणजे गळणी व्हिसाच्या खिडकीवरच लागते. ज्याचा भाऊ तिथे आधीच बरे कमावतो तोच येतो, आणि भावंडांच्या वर्गवारीत तर दहा-पंधरा वर्षे थांबून. जॉर्डनला आणखी एक छोटे दार आहे: मुक्त व्यापार करारामुळे डिसेंबर २००१ पासून ई-१ आणि ई-२ हे व्यापारी व गुंतवणूकदार व्हिसा. त्यासाठी भांडवल हातात असावे लागते. क्यूबाला ते मिळत नाहीत.

मदतीतला फरक १९९६ च्या कल्याणकायद्यानंतर जास्त टोकदार झाला. साधा ग्रीनकार्डधारक पहिली पाच वर्षे बहुतेक केंद्रीय मदतीला मुकतो, आणि एसएसआयसाठी (गरीब वृद्ध व अपंगांना मिळणारी केंद्रीय मदत) त्याला सर्वसाधारणपणे कामाच्या ४० तिमाही लागतात. 'क्यूबन-हैतियन एन्ट्रंट' या वर्गात बसणाऱ्याला मात्र तो बंध नाही आणि एसएसआय सात वर्षांपर्यंत मिळू शकते. एचएचइन्कममध्ये एसएसआय धरली जाते, अन्नसाहाय्य धरले जात नाही. उतारवयात आलेल्या क्यूबनाच्या घरात हा पैसा 'उत्पन्न' म्हणून दिसतो. तो रकाना (इन्कसप) वेगळा काढून बघा.

पॅलेस्टिनींबद्दल: वेगळे काढणे पूर्ण जमणार नाही, अंशतः जमेल. जॉर्डनने १९५० मध्ये पश्चिम किनारा जोडून घेतला आणि तिथल्यांना नागरिकत्व दिले. ३१ जुलै १९८८ ला प्रशासकीय संबंध तोडले. १९६७ च्या युद्धानंतर लाखो लोक नदी ओलांडून पूर्वेला आले, १९९०-९१ मध्ये कुवेतमधून आणखी सुमारे तीन लाख. त्यामुळे एकाच घरात आजोबा रामल्लात जन्मलेले, वडील कुवेतमध्ये आणि मुलगा अम्मानमध्ये, पासपोर्ट तिघांचा जॉर्डनी, असे सर्रास असते. जन्मस्थानाने चाळले तर फक्त मुलगा सापडेल. वंश विचारणारा प्रश्न (अ‍ॅन्सेस्टर१ आणि अ‍ॅन्सेस्टर२) सोबत घ्या आणि तीन गट करा: जन्म जॉर्डन व वंश जॉर्डनी, जन्म जॉर्डन व वंश पॅलेस्टिनी, आणि जन्म जॉर्डन पण वंश नुसता 'अरब' किंवा कोरा. तिसरा गट लहान नसतो, त्याला कचरा म्हणून फेकू नका. धर्म एसीएस विचारत नाही, त्यामुळे जॉर्डनमधल्या माडबा-फुहेस या गावांकडचे ख्रिस्ती आणि बाकीचे मुस्लिम हा भेद या फायलीतून निघणार नाही.

पूर्वा_एमए

दोघांचेही आभार. मग 'सोनेरी निर्वासित' म्हणतात ती १९५९-६२ ची क्यूबन पिढी आणि नंतरचे मारिएलवाले (१९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून आलेले), अशी आगमनाच्या वर्षाने फोड करून २५-६४ वयोगट घेतला तर चालेल ना? आणि स्वयंरोजगाराचे काय करावे?

आकडेमोड

नाही चालणार, आणि कारण नुसत्या वजाबाकीतले आहे. २०२० मध्ये ६४ वर्षांचा असलेला माणूस १९६० मध्ये चार वर्षांचा होता. तुमच्या वयोगटात १९६० चे आगमन म्हणून जे येतील ते सगळे आईवडिलांच्या किंवा पेद्रो पान (मुलांना आईवडिलांविना अमेरिकेत आणणारी) मोहिमेच्या बोटाला धरून आलेली मुले, अमेरिकन शाळेत शिकलेली. हवानात वकिली किंवा कारखाना सोडून आलेली पिढी या फायलीत जवळपास नाहीच. तिच्यासाठी १९७० आणि १९८० च्या जनगणनेचे नमुने घ्या, तेही आयपम्सवर आहेत.

इथे एक खड्डा आहे. १९८० ची जनगणना १ एप्रिलची आणि मारिएलचे बंदर उघडले त्यानंतर त्याच महिन्यात. ते सव्वा लाख लोक त्यात नाहीत. ते १९९० च्या जनगणनेत सापडतात, कारण तिथे आगमनाचा एक कप्पा नेमका १९८०-८१ असा आहे. क्यूबात जन्म आणि तो कप्पा, झाले काम.

कप्पे असे पाडा: १९५९-६४, १९६५-७४ (क्यूबनांना आणणाऱ्या विमानफेऱ्या १९७३ ला संपल्या), १९७५-७९, १९८०-८१, १९८२-९३, १९९४-२०१६, २०१७ नंतर. १९९४ का, तर तराफ्यांवरून आलेल्यांची लाट आणि वर्षाला किमान २० हजार व्हिशांचा करार. २०१७ का, तर 'ओले पाय, कोरडे पाय' धोरण (क्यूबन समुद्रात सापडला तर परत, जमिनीवर पोचला तर आत) १२ जानेवारी २०१७ ला संपले. जॉर्डनींना हेच कप्पे लावू नका, त्यांचे सांधे वेगळे आहेत: १९६५ चा स्थलांतर कायदा, १९६७, १९९०-९१.

मारिएलवर लिहिताय तर कार्ड-बोर्हास वाद वाचालच. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले की मायामीचे मनुष्यबळ ७ टक्क्यांनी वाढूनही स्थानिकांच्या मजुरीवर फारसा परिणाम दिसत नाही. जॉर्ज बोर्हास यांनी नंतर फक्त शाळा अर्धवट सोडलेले, बिगर-हिस्पॅनिक पुरुष घेऊन १० ते ३० टक्के घट दाखवली. पण तो उपनमुना वर्षाला वीसएक माणसांचा, आणि त्यातले कृष्णवर्णीयांचे प्रमाण मध्येच वाढले, असा आक्षेप क्लेमेन्स आणि हंट यांनी घेतला. जॉर्डनी कप्पे बारीक करताना हे प्रकरण समोर ठेवा.

गल्ला

स्वयंरोजगाराबद्दल मी लिहितो, कारण या दोन गटांत खरी गंमत तिथेच आहे.

नुसता इन्कवेज घेतलात तर दुकानमालकाचे उत्पन्न शून्य दिसेल. इन्कबस०० (धंद्याचे उत्पन्न) जोडा. तरीही पुरे नाही. कोपऱ्यावरचे किराणा दुकान किंवा पेट्रोलपंप दोघे-तिघे भाऊ-चुलतभाऊ भागीदारीत चालवतात, सकाळी एक गल्ल्यावर, रात्री दुसरा, शनिवार-रविवारी मुले. काही भागीदार कंपनी नोंदवून स्वतःला पगार लावून घेतात, मग ते क्लासवर्करमध्ये (नोकरी की स्वतःचा धंदा हे सांगणारा रकाना) 'स्वतःच्या नोंदणीकृत कंपनीत' असे येतात. तो संकेत वेगळा आहे, तो स्वयंरोजगारातच मोजा. मुलांचे काम 'बिनपगारी घरचा कामगार' म्हणून फार क्वचित नोंदवले जाते. तासांचा रकाना (यूएचआरएसवर्क) बघा आणि ताशी उत्पन्न काढा. आठवड्याला सत्तर तास उभे राहून कमावलेले आणि चाळीस तासांत कमावलेले एकाच ओळीत मांडून काय कळणार?

भांडवल कुठून येते हा दुसरा भाग. मायामीत साठीच्या दशकात, अमेरिकन बँकांत लागलेले मूळचे क्यूबन बँकर तारण नसलेल्या देशबांधवाला हवानातल्या नावलौकिकावर कर्ज देत. सत्तरीच्या सुरुवातीनंतर हे थांबले, कारण नंतर येणाऱ्यांना ते ओळखतच नव्हते. मारिएलवाल्यांना ही शिडी मिळाली नाही, त्यांना आधीच्यांच्या दुकानात नोकरी मिळाली. अशी नोकरी बाहेरच्या नोकरीइतके देते असे समाजशास्त्रज्ञ अलेहांद्रो पोर्तेस यांचे म्हणणे. मालकाला देते, नोकराला नाही, असा सँडर्स आणि नी यांचा १९८७ चा प्रतिवाद. मला दुसरे म्हणणे जास्त पटते, निदान उशिरा आलेल्यांच्या बाबतीत.

जॉर्डनींकडे अशी बँक नव्हती. बिनव्याजी हातउसने, नातेवाइकांत, बऱ्याचदा लिखापढीशिवाय. यातले काहीच एसीएसमध्ये येत नाही. शिवाय सरकारी ठेक्यांच्या ८(अ) योजनेत हिस्पॅनिक म्हणून क्यूबनाला 'वंचित' गृहीत धरले जाई (२०२३ मध्ये न्यायालयाने ते गृहीतक थांबवले), अरब मात्र कागदावर 'गोरे' असल्याने त्यांना ते स्वतः सिद्ध करावे लागे. मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका हा वेगळा रकाना धोरण म्हणून मार्च २०२४ मध्ये आला, तुमच्या फायलीत तो नाही.

बायकांचे काम विसरू नका. मायामीशेजारच्या हायालियाच्या शिवणकारखान्यांत क्यूबन बायका पहिल्यापासून होत्या, घरात दोन पगार ही तिथे रीत. जॉर्डनमध्ये स्त्रियांचे कामातले प्रमाण जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक आहे, आणि सवय विमानात बसून लगेच बदलत नाही. म्हणून घराच्या उत्पन्नाला कमावत्यांच्या संख्येने भागून एक तक्ता आणि कुटुंबाच्या आकाराच्या वर्गमुळाने भागून दुसरा तक्ता करा. दोन्हींत क्रम उलटला तर घाबरू नका, तोच निष्कर्ष आहे.

पदवीचेही तसेच. जॉर्डनमध्ये वैद्यक आणि अभियांत्रिकी इंग्रजीतून शिकवतात, विद्यापीठ पत्राला उत्तर देते. क्यूबन डॉक्टरचे कागद हवानाहून पडताळून यायला हवेत, आणि तो वैद्यकीय मोहीम सोडून आलेला असेल तर ते फार अवघड. त्यामुळे 'पदवीधर' हा एकच संकेत दोन्ही गटांत सारखे उत्पन्न देत नाही. व्यवसायाचा रकाना सोबत लावा.

उंबरठा

गल्ला यांच्याशी सहमत, एक भर. २०२१ च्या नोव्हेंबरात निकाराग्वाने क्यूबनांचा व्हिसा काढून टाकला आणि जमिनीवरून मोठी लाट आली. २०२२ या आर्थिक वर्षात सीमेवर २ लाख २० हजारांहून जास्त नोंदी झाल्या. यातल्या कित्येकांना पॅरोल न देता आय-२२०ए या सुटकेच्या कागदावर सोडले. तो पॅरोल नव्हे, असे सप्टेंबर २०२३ मध्ये स्थलांतर अपील मंडळाने ठरवले, म्हणजे १९६६ चा कायदा त्यांना लागू होत नाही. पॅरोलवाला कामाच्या परवान्याचा अर्ज लगेच करू शके. आय-२२०ए वाल्याला आश्रयाच्या अर्जानंतर १५० दिवसांनी अर्ज आणि १८० दिवस झाल्यावर परवाना. तोवर रोखीतले काम आणि प्रवासाचे कर्ज. म्हणजे 'क्यूबन म्हणजे मदत मिळालेला' हे अलीकडच्यांना सरसकट लागू पडत नाही. २०१८-२२ च्या फायलीत ही लाट जेमतेम शेवटी डोकावते, पण २०२१ नंतर आलेले एकदा गाळून मध्यक किती हलते ते बघाच.

घरी पाठवलेला पैसाही एसीएसला दिसत नाही. जॉर्डनला बँकेतून जातो, दिनार १९९५ पासून डॉलरला बांधलेला, गळती थोडी. क्यूबात वेस्टर्न युनियनच्या खिडक्या नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाल्या, आणि रोख व सामान 'मुला' (स्पॅनिशमध्ये खेचर) म्हणवणाऱ्या प्रवाशांच्या हाती जाऊ लागले. यासाठी फाइल नाही, तळटीप द्या.

आकडेमोड

घरभाड्याचे राहिले. क्यूबन मायामीत एकवटलेले, जॉर्डनी पॅटर्सन-याँकर्स, शिकागोचा ब्रिजव्ह्यू, अ‍ॅनाहाइम असे विखुरलेले. बीईएचे (अमेरिकेचे आर्थिक विश्लेषण कार्यालय) प्रादेशिक किंमत निर्देशांक महानगरवार मिळतात, मेट२०१३ या महानगराच्या रकान्याला जोडून उत्पन्नाला भागा. जिथे मेट२०१३ शून्य आहे तिथे राज्याचा बिगर-महानगरी निर्देशांक लावा. आणि एचएचइन्कम करापूर्वीचे आहे: फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, बाकी तिन्हीकडे आहे. एनबीईआर या संशोधनसंस्थेचे टॅक्ससिम (कर मोजणारी प्रणाली) त्यासाठी वापरता येते, पण त्याला घर नव्हे, करदाता एकक लागतो. आधी एसएफआरइलेट (उपकुटुंबातले नाते) आणि एसपीएलओसी (जोडीदाराची नोंद) हे रकाने वापरून जोडप्यांची जुळणी करून घ्या, नाहीतर एकत्र राहणारे दोन भाऊ त्याला एकच करदाता वाटतील.