कुत्री काही माणसांवरच का धावून जातात? आपापले अनुभव लिहा

गल्लीतून सगळं जग जातं-येतं, कुत्रं मान वर करत नाही. आणि मधेच एखाद्यावर असं तुटून पडतं की तो माणूस गेट गाठेपर्यंत घामाघूम होतो. वरून बघणारे म्हणतात, "कुत्र्याला माणूस बरोबर कळतो." हे ऐकलं की मला फार राग येतो, कारण ज्यांच्यावर भुंकतात ती बहुतेक आपल्या कामाला निघालेली माणसं असतात. म्हणून हा धागा. वेळ कोणती, अंगात काय होतं, हातात काय होतं, कुत्रं मोकळं होतं की बांधलेलं, एवढं जरूर लिहा. भटकी कुत्री असावीत की नसावीत यावर वेगळं भांडू, इथे नको.

पेपर टाकणारा, कोल्हापूर

दिवसा चहाच्या गाड्यापाशी जी कुत्री माझ्या पायाशी लोळतात, तीच पहाटे अंगावर येतात. थंडीत कानटोपी आणि तोंडाला मफलर, पावसाळ्यात रेनकोट; त्यात मी त्यांना ओळखूच येत नाही. पेपरचा गठ्ठा धप्पकन पडला की आणखी बिथरतात. आता गल्लीच्या तोंडालाच "काय रं वाघ्या" म्हणून हाक टाकतो. आवाज ओळखीचा निघाला की शेपट्या हलायला लागतात. आणि गाडी पळवायची नाही. पळवली की पिंढरीच धरायला बघतात.

बी.कॉम.ची विद्यार्थिनी, पुणे

माझी आई कचरा वेचायची. पाठीवर पोतं, हातात आकडी. कुत्री तिला लांबूनच हेरायची. लहानपणी तिच्याबरोबर जायचे तेव्हा नीट पाहिलंय, कुत्र्यांची नजर तिच्या तोंडाकडे नसायची, पोत्यावर असायची. पोतं भरत जाईल तशी तिची चाल एका अंगाला कलायची. आणि ज्या उकिरड्यात ती हात घालायची, त्याच्यावरच त्या कुत्र्यांचं पोट होतं. त्यात वॉचमनचं "ए, चल निघ इथून". आपला माणूस ज्याच्यावर ओरडतो, त्याच्यावर कुत्रं दुप्पट भुंकतं. एका सोसायटीत तर आई दिसली की मुद्दाम "छू" करायचे. ते मी विसरणार नाही.

पुढे तिचं काम बदललं. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून झगडत होती. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम या बायकांच्या हाती आलं. आईला कोट, ओळखपत्र, ढकलगाडी मिळाली. ठरलेली वेळ, ठरलेल्या इमारती. लोक "मावशी" म्हणून हाक मारायला लागले. त्यानंतर त्याच भागातली कुत्री तिच्या गाडीमागून निवांत चालायची. आई तीच होती. कुत्र्याला माणसाचं मन कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला हे समजावून सांगावं.

कुरिअरवाला, ठाणे

ताई, अगदी खरं. माझं एवढंच, की मोकळ्यापेक्षा बांधलेलं किंवा गेटाआडचं कुत्रं जास्त चवताळतं. ते रोज भुंकतं, मी पाकीट देऊन निघून जातो, त्याला वाटतं आपणच हाकललं. दुसऱ्या दिवशी आणखी जोर. मालक म्हणतात, "काही करत नाही तो." दादा, आधी त्याला आतल्या खोलीत न्या, मग दार उघडा.

पशुवैद्य, अहिल्यानगर

कारणं वर आलीच आहेत, थोडी भर घालतो. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना जे बघतं, हुंगतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. त्या वयात हेल्मेट, छत्री, काठी, लहान मुलं जवळून भेटली नाहीत, तर मोठेपणी त्यांची भीती बसू शकते. आणि अंगावर येऊन भुंकणं हे पुष्कळदा भीतीचंच असतं. माझ्यावर तर कधी न पाहिलेली कुत्रीही भुंकतात, कारण माझ्या कपड्यांना दवाखान्याचा आणि दुसऱ्या कुत्र्यांचा वास असतो.

महिनाही बघा. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, गाभण काळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं. व्यालेली कुत्री तेव्हा ओळखीच्यालाही सोडत नाही. तो कोपरा टाळून जा.

भीतीचा वास येतो का, हे नेहमी विचारतात. २०१८ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी घाबरलेल्या माणसांच्या घामाचा वास लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांना दिला, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. घाम आपल्या हातात नाही, पण चाल आहे. पळू नका, नजरेला नजर भिडवू नका, अंग जरा तिरकं करून सावकाश निघून जा. "भुंकणारं कुत्रं चावत नाही" यावर कृपा करून विसंबू नका. दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि लगेच दवाखाना गाठून रेबीजची लस घ्यायची.

शिक्षिका, सावंतवाडीजवळून

बाबांना अर्धांगवायू झाला. घरी आणलं तेव्हा आमचा स्वतःचा मोती त्यांच्यावर दात विचकून भुंकला. बाबा रडले. नवी काठी, ओढत टाकलेला पाय, इस्पितळाचा वास; त्याला हा कोणी परकाच वाटला असणार. आईने काठी अंगणात आडवी ठेवली आणि मोतीचं जेवण तिच्या शेजारी वाढायला सुरुवात केली. बाबा ओट्यावर बसून नुसते बोलत राहायचे. आठवड्याभरात तो त्यांच्या पायाशी येऊन झोपायला लागला.

रात्रपाळीची नर्स, मुंबई

माझ्या बाबतीत कारण मीच नव्हते. स्टेशनवरून रात्री उतरले की आमच्या गल्लीतली दोन कुत्री मला घ्यायला यायची. दोघांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली, स्वभावाने गरीब. पण वाटेत दुसऱ्या गल्लीची हद्द लागते, तिथली पाच-सहा एकदम माझ्यावरच तुटून पडल्यासारखी यायची. मला वाटायचं माझ्या युनिफॉर्मवर राग आहे. राग होता तो माझ्यासोबतच्या दोघांवर. आता ती दोघं स्टेशनपर्यंत येऊच नयेत म्हणून आमच्या नाक्यावरचा पानवाला माझ्या वेळेला त्यांना बिस्किटं घालून थांबवून ठेवतो. मी एकटी येते, कोणी भुंकत नाही.