सड्यावरच्या बागेसाठी जुनी फोर बाय फोर पिकअप टिकेल का?

कातळकर:
लांजा तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची हापूसची दीडशे कलमं आहेत. डांबरी संपल्यावर ३ किलोमीटर वाट: आधी उघडा कातळ, मग वहाळ (ओढा), मग लाल मातीचा खडा चढ. जूनमध्ये शेणखत, थंडीत फवारणीसाठी १००० लिटरची टाकी, एप्रिल-मेमध्ये आंब्याचे क्रेट. ८ वर्षं जुनी फोर बाय फोर पिकअप बघितली आहे. इंजिन एका चावीत सुरू होतं, धूर नाही. घेऊ का?

चिरेवाला:
इंजिनाचं कौतुक पुरे, आधी गाडीखाली शिरा. मी राजापूरकडे ११ वर्षं चिऱ्याच्या खाणीवर पिकअप चालवली. इंजिनाने कधी त्रास दिला नाही, खालचं मात्र सगळं दोनदा बदललं. दोष गाडीचा नव्हता, माझा होता.

चिरा म्हणजे बांधकामाचा जांभ्या दगड, साधारण ३० किलोचा. ८० चिरे भरले की २४०० किलो, आणि पासिंग दीड टनाचं. वर्षभर चाललं. मग एका सकाळी चढावर खालून 'टक्' असा आवाज आला. उतरून बघतो तर मागचं डावं चाक चार बोटं मागे सरकलेलं. पाट्यांचा, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, सेंटर बोल्ट तुटला होता. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालवत खाली आणली. त्यानंतर शहाणपणा केला आणि पाटे वाढवले, दोन्हीकडे दोन-दोन. गाडी बसायची थांबली, पण पाटा वाकेना म्हटल्यावर दणका थेट चासीत जायला लागला. सहा महिन्यांत हँगरपाशी, म्हणजे पाटा चासीला जिथे अडकतो तिथे, चासीला केसासारखी चीर. म्हणून सांगतो, मागच्या हँगरपाशी वेल्डिंग किंवा नुसता तेवढ्याच भागाला नवा काळा रंग दिसला, तर चहा पिऊन परत या.

टाकीचं वेगळं लक्षात घ्या. १००० लिटर म्हणजे पाण्याचाच एक टन, वर टाकी आणि पंप. भरलेली टाकी गप्प बसते. अर्धी असली की चढावर सगळं पाणी मागच्या फाळक्याकडे धावतं आणि पुढची चाकं हलकी होतात. आम्ही दोन माणसं हौद्यात उभी करायचो, ते तर आणखी वाईट. ५०० च्या दोन टाक्या घ्या, एक पूर्ण संपवा, मग दुसरी.

जांभ्याची धार टायरच्या बाजूला लागते आणि बाजूची चीर पंक्चरवाल्याकडे बसत नाही. एक नाही, दोन स्टेपन्या ठेवा.

गॅरेज_देवरूख:
वरच्यांशी सहमत, फक्त वहाळाचं राहिलं. उतार उतरून डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) तापलेलं असतं. ते गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं तोंड) तुंबलेला किंवा खालीच असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइलचा प्लग सोडून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बेअरिंगं किती उरलीत देव जाणे. घेतलीत तर ब्रीदरला नळी जोडून वर हौद्यापर्यंत न्या, किरकोळ काम आहे. फोर बाय फोरचा दांडाही टाकून बघा, लो मध्येसुद्धा (हळू पण जास्त जोराचा गिअर). वर्षानुवर्षं न वापरल्याने जाम झालेले मी बरेच पाहिलेत. आणि डांबरीवर आलात की काढा तो. सुक्या रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, त्याचा ताण शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि गिअरवर येतो.

बागायतदार७:
एवढ्या उठाठेवीपेक्षा ट्रॅक्टर-ट्रॉली घ्या.

कातळकर:
ट्रॅक्टर आहे हो भाऊ, पण ट्रॉलीत आंबा आदळतो, देठ तुटून डीक लागतो.

काल सगळ्यांचं ऐकून परत गेलो. चासी स्वच्छ, वेल्डिंग नाही. दांडा लो मध्ये पडला, जरा कुरकुरत. मागचा प्लग सोडला तर ऑइल थेट आमच्या हॉटेलातल्या चहासारखं! मालक म्हणतात, "दमट हवेने होतं तसं." मी नुसतं हसलो. हाउसिंग उघडायला लावलंय. बेअरिंगं आणि सीलचा खर्च किमतीतून वजा करायला तयार झाले तर घेतो, नाहीतर पुढची बघतो. चिरेवाले, ५०० लिटरच्या टाक्या हौद्यात आडव्या बांधायच्या की उभ्या?

चिरेवाला:
उभ्या, केबिनला टेकवून. दोरी नको, पट्टा आणा.