मुलगा 18 पूर्ण झाला, बँकवाले म्हणतात गार्डियनचा कागद आणा. सातारा साइडला कुणी केलंय का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मुलाला डाऊन सिंड्रोम आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, अपंगत्व 75 टक्के. गेल्या महिन्यात 18 पूर्ण झाला. आजोबांनी त्याच्या नावाने केलेली एफडी आता मॅच्युअर झाली तर बँकेत म्हणाले की मायनरचं खातं आता मेजर झालं, त्यालाच सही करायला लावा. आता तो नाव लिहितो पण दर वेळी वेगळं, कधी दोन ओळींत, आणि शेवटी हटकून एक सूर्य काढतो. सूर्यासकट फॉर्म परत आला. मग म्हणे कोर्टातून गार्डियनशिप आणा. वकिलाने फीचा आकडा असा सांगितला की आम्ही दोघं चहा न घेताच उठलो. शाळाही संपली, 18 नंतर ठेवत नाहीत. जन्मापासून सगळं आम्हीच केलं आणि आता कागदावर आम्ही त्याचे कुणीच नाही, हे काही पचत नाहीये. मिस्टर जि.प. मध्ये आहेत, 3 वर्षांत रिटायर होतील, पेन्शनचंही काही करावं लागतं का? थोरली मुलगी पुण्यात जॉबला आहे, आमच्यानंतर तीच बघणार. प्लीज सांगा.

डोंबिवली फास्ट लोकल
ताई, वकिलाला रामराम करा. नॅशनल ट्रस्टचा 1999 चा कायदा आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. तुमचा मुलगा त्यात बसतो. या कायद्याखाली जिल्ह्याला लोकल लेव्हल कमिटी असते, कलेक्टर, ट्रस्टकडे नोंदणीकृत असलेल्या एका संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग सभासद. गार्डियनचं सर्टिफिकेट तीच देते. आईवडील दोघं मिळून अर्ज करू शकता. अपंगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो एवढं तयार ठेवा, आणि कलेक्टर ऑफिसला जाण्याआधी जवळच्या नोंदणीकृत संस्थेला गाठा, कारण अर्ज कुठल्या टेबलाला जातो ते त्यांनाच पाठ असतं. नाहीतर नुसते जिने चढाल.
बँक हे सर्टिफिकेट घेत नाही म्हणाली तर रिझर्व्ह बँकेचं 2007 चं सर्क्युलर आहे, त्याची प्रिंट काढून टेबलावर ठेवा. आमच्या मॅनेजरने तोपर्यंत त्याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.
आमच्या वेळी कमिटीसमोर कलेक्टर साहेबांनी लेकाला विचारलं, तुला कुणाकडे राहायचंय? त्याने त्यांचं पेपरवेट उचललं, फिरवून बघितलं आणि म्हणाला "आजी". आजी 82 ची. सगळे हसले पण साहेबांनी ते लिहून घेतलं हां.

निवृत्त_लेखनिक
पेन्शनचं सांगतो. मिस्टर 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी नोकरीला लागले असतील तर जुनी पेन्शन, आणि त्यात असं मूल कमावतं होऊ शकत नसेल तर त्याला हयातभर कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं, पालकामार्फत. पण नाव आणि दाखला रिटायरमेंटच्या कागदांतच घालून घ्या. दोघंही गेल्यावर पाठीमागचे लोक हा दाखला शोधत बसतात आणि फाईल तशीच पडून राहते, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. शिवाय नॅशनल ट्रस्टचाच निरामय हेल्थ इन्शुरन्स काढलाय का? 1 लाखापर्यंत कव्हर, ओपीडी आणि थेरपीसुद्धा त्यात येते, आधी मेडिकल तपासणी लागत नाही.

मधली_बहीण
ताई राग मानू नका, पण "आमच्यानंतर तीच बघणार" हे तिला विचारून लिहिलंय का? माझा भाऊ ऑटिस्टिक आहे, 31 चा. माझ्यासमोर हा विषय कधी निघालाच नाही, सगळ्यांनी गृहीत धरलेलं, आणि माझं लग्न ठरताना समोरच्यांनी विचारल्यावर आईला रडू फुटलं. मला भावाचं करायचंच आहे पण कुठे, किती, पैशाचं काय, हे आईबाबा धडधाकट असताना ठरलं तर मला सोपं जाईल ना. गार्डियनला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशोब. सहीपुरतं काम नाहीये ते. आणि घर एकट्या त्याच्या नावावर करू नका, ट्रस्ट करून त्यात तिच्यासोबत बाहेरचंही कुणी ठेवा. खोणीचं घरकुल, म्हणजे अशा मुलांची राहायची संस्था, बघून या एकदा, डोंबिवलीजवळच आहे, पालकांनीच मिळून उभं केलंय. ठेवायलाच जा असं नाही, पण तिथले पालक जे बोलतात ते नातेवाईक बोलत नाहीत.

उलटा_विचार
मी जरा वेगळं बोलतो. सगळीकडे पूर्ण गार्डियनच का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 14 आहे, मर्यादित पालकत्वाचं, म्हणजे ठराविक निर्णयापुरतं आणि ठराविक काळापुरतं, आणि तेही त्याच्याशी बोलून. पोरगा आपलं नाव लिहितो, शिवाय सूर्य काढतो, म्हणजे त्याला काहीतरी कळतंय ना. एफडीचं तुम्ही बघा, पण रोजच्या 200 रुपयांचं त्याला बघू द्या.

डोंबिवली फास्ट लोकल
@उलटा_विचार, तुमचं पटतंय हो, पण बँकेच्या काउंटरला कलम 14 सांगून बघा एकदा. आधी एफडी सुटू दे. 200 रुपयांचं मात्र खरंय, आमचा स्वतः जाऊन वडापाव आणतो, सुट्टे मोजून घेतो, दुकानदारच कधी चुकतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप आभार. मिस्टर 1993 चे आहेत म्हणजे जुन्या पेन्शनमध्ये बसतात. मुलीला विचारलं नव्हतं हे खरंय, रविवारी ती येतेय तेव्हा बोलू. @डोंबिवली, सर्क्युलरची प्रिंट नेली तर मॅनेजर चिडत नाही ना? आणि 18 नंतरची कार्यशाळा साताऱ्यात किंवा कराडला कुठली चांगली, मेणबत्त्या पॅकिंग काहीही चालेल, पण दिवसभर घरात टीव्ही नको.