मदत हवी आहे: पुरात बुडालेल्या लॉन मोअरमधलं पेट्रोल-ऑईल काढायचं कसं आणि द्यायचं कुणाला? (सांगली)

कर्नाळरोड
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा वीसेक वर्षं बंगल्यांच्या बागा आणि विश्रामबागेतल्या दोन सोसायट्यांची हिरवळ सांभाळायचे. गेल्या वर्षी ते गेले. आता आईला पुण्याला नेतेय, म्हणून कर्नाळ रोडच्या घरामागची पत्र्याची खोली रिकामी करायला घेतलीय. खुरपी, कात्र्या, पाइप ओळखीतल्या माळीकाकांना दिले. गाडी अडलीय ती तीन वस्तूंवर. एक ढकलायचा लॉन मोअर, पेट्रोलचा, फोर स्ट्रोक. एक खांद्याला अडकवायचा ग्रास कटर, टू स्ट्रोक. आणि पाच लिटरचा कॅन, जवळजवळ भरलेला, त्यात काळं ऑईल. कॅनवर अण्णांच्या अक्षरात लिहिलंय, ‘जळकं. सांडू नका.’

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ही खोली पत्र्यापर्यंत बुडाली होती. ग्रास कटर आणि कॅन अण्णांनी आधीच गच्चीवर नेलेला, मोअर जड म्हणून खालीच राहिला. त्यानंतर तो कधी चालू झाला नाही. काल ऑईलची पट्टी बाहेर काढून बघितली, तर ऑईल दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसतंय. टाकीचं झाकण पक्कडीने उघडलं. आतल्या पेट्रोलला पेट्रोलचा वासच नाही, जुन्या वॉर्निशसारखा उग्र दर्प येतोय.

भंगारवाला दारात आला आणि हात न लावता गेला. म्हणाला, “ताई, आधी तेल-पेट्रोल काढून ठेवा, टेम्पोत पेट घेतला तर मी कुणाच्या नावानं रडू?” त्याचं बरोबरच आहे. शेजारचे काका म्हणतात गटारीत ओत आणि वरून दोन बादल्या पाणी मार. गटारीचं पाणी शेरी नाल्याला, नाला कृष्णेला, आणि नळाला पाणी येतं तेही कृष्णेचंच. मला ते जमणार नाही.

तर हे सगळं घरच्या घरी काढता येईल का? आणि काढलेलं घेणार कोण? रविवारपर्यंतच सुट्टी आहे.

मेंढका
ताई, काळं ऑईल टाकून कशाला देताय? दाराच्या चौकटींना, गोठ्याच्या मेढींना हाणा दोन हात. वाळवी फिरकत नाही. आमच्या आज्ज्यापासून चालत आलंय.

शंभरफुटी_गॅरेज
@मेंढका, आज्ज्याच्या मेढीला लावलेलं ऑईल म्हैस चाटते हे पण आज्ज्यापासूनच चालत आलंय बघा. इंजिन झिजतं त्याचा धातूचा चुरा त्या ऑईलमध्ये असतो, जळताना तयार झालेली विषारी रसायनं असतात. पहिल्या पावसात ते मेढीवरून उतरतं आणि जमिनीत जातं. विहीर जवळ असली की संपलंच.

ताई, काम घरी होतं, फक्त घाई करू नका. पहिली गोष्ट, ‘एकदा स्टार्ट करून बघू’ हा मोह आवरा. आत गाळ आहे, पाणी आहे, आणि तुम्हाला ते भंगारातच द्यायचंय. स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला करा. खालचं पातं चुकून फिरलं तर इंजिन दचकू नये म्हणून.

मशीन उघड्यावर आणा. पत्र्याच्या खोलीत अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत राहते आणि दहा पावलांवरच्या विस्तवाला जाऊन भेटते. सकाळी अंगणात बंब पेटलेला असेल तर तो विझून गार होईपर्यंत थांबा. उदबत्ती, मच्छरची कॉइल, शेजारच्या काकांची बिडी, सगळं लांब.

आधी पेट्रोल, मग ऑईल. हा क्रम उलटा केलात तर मशीन कलंडल्यावर टाकीतलं पेट्रोल अंगावर येतं. टाकीतून काढायला पूर्वी रॉकेलच्या डब्याला असायचा तो हातपंप चालतो. तोंडाने नळी ओढू नका. घोटभर पेट्रोल पोटात गेलं तरी वाईट, आणि फुप्फुसात गेलं तर थेट दवाखाना. पंप हलवून जे उरेल ते कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) वाटीखालचा छोटा स्क्रू ढिला केला की निथळतं. डबा पत्र्याचा किंवा पेट्रोलसाठीचा जाड कॅन घ्या, पाण्याची बाटली नको. भरताना डबा हातात न धरता जमिनीवर ठेवा.

ऑईल एरवी आम्ही इंजिन कोमट असताना सोडतो. तुमचं इंजिन चालू करायचं नाही, म्हणून पेट्रोल काढून झाल्यावर मशीन दुपारभर उन्हात राहू द्या, आपल्याकडचं ऊन पुरतं. इंजिनाच्या बुडाला बोल्ट असेल तर तो खोला. साधारण अर्धा ते पाऊण लिटर निघेल, परात तेवढी मोठी घ्या. स्वयंपाकघरातली नको, परत आत जायची नाही ती.

टू स्ट्रोकला वेगळं ऑईल नसतं. टू-टी ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, तेव्हा टाकी रिकामी केली की काम संपलं.

कर्नाळरोड
खूप आभार दादा. पेट्रोल निघालं, मोअरमधून लिटरभर, कटरमधून पावशेर. काचेच्या बरणीत थोडं धरून बघितलं तर खाली वेगळा थर दिसतोय, मधे अगदी रेघ मारल्यासारखी. ते पाणीच ना?

दुसरी अडचण म्हणजे बोल्ट. गंजून एक झालाय. पाना घसरला आणि बोटाचं साल गेलं.

शंभरफुटी_गॅरेज
पाणीच, आणि त्यात इथेनॉल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात. म्हणून ते दुसऱ्या गाडीत ढकलायचा विचार करू नका, कुणी मागितलं तरी देऊ नका. कटरमधलंही त्यातच जमा धरा.

बोल्ट राहू द्या. ऑईलची पट्टी काढा आणि त्या भोकातून ओता, मशीन भोकाच्या बाजूला कलंडवून. कलंडवताना एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर राहिली पाहिजे, नाहीतर ऑईल तिकडून गळत बसेल. एकटीने उचलू नका, त्या बिडीवाल्या काकांना हाताशी घ्या, बिडी घरी ठेवून. बोटाला हळद लावा, सांगलीत आहात.

सांडलं तर वखारीतला लाकडाचा भुसा किंवा चुलीतली गार राख टाका, शोषून घेते. वर पाणी मारू नका.

कुपवाडकर
उशिरा बघितलं. मी कुपवाड एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या स्टोअरला आहे, म्हणून ‘घेणार कोण’ याचं उत्तर माझ्याकडे. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. वर्कशॉप, सर्व्हिस सेंटर सगळे ते ड्रममध्ये साठवतात आणि परवानाधारक रिसायकलरला देतात. त्याचा पैसा येतो, त्यामुळे तुमचा कॅन कुणाला जड होणार नाही. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच जबाबदारी टाकलीय, वापरलेलं ऑईल पुन्हा शुद्ध होऊन वापरात येईल हे बघण्याची. ऑईलच्या बाटल्या विकणाऱ्या दुकानदाराला मात्र यातलं काही माहीत नसतं, तिथे विचारून वेळ घालवू नका.

एक विनंती. तीन गोष्टी तीन डब्यांत ठेवा. अण्णांचं काळं ऑईल वेगळं, मोअरमधलं दुधाळ वेगळं, पेट्रोल वेगळं. काळ्या ऑईलमध्ये पेट्रोल पडलं की ते पटकन पेट घेणारं होतं आणि पूर्ण ड्रम परत येतो. आमच्याकडे एकदा झालंय, दोनशे लिटरचा ड्रम, एका पोराने पार्ट धुण्याचं वाटीभर पेट्रोल ओतलं म्हणून.

काळं आणि दुधाळ ऑईल तुमच्या जवळच्या दुचाकीच्या किंवा ट्रॅक्टरच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. पेट्रोल मी साहेबांना विचारून कळवतो, आमच्याकडे पार्ट धुतलेलं खराब इंधन वेगळं जमा होतं, त्याची गाडी वेगळी येते. तोवर झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, आणि घरात नाही. कुठेच सोय झाली नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सांगलीत आहे, परवानाधारकांची नावं तिथे मिळतात.

मेंढका
मेढीचं मागे घेतो. पण ग्रास कटर चालू होण्यासारखा असेल तर भंगारात घालू नका, कार्बोरेटर धुऊन मी वापरेन. म्हैसाळहून येऊन नेतो.

कर्नाळरोड
शनिवार रात्र. कळवायचं राहिलं होतं.

काकांनी मोअर धरला, मी बाटली. दुधाळ ऑईल निघालं अर्धा लिटर आणि पाठोपाठ कृष्णेचा गाळ, चिमूटभर नाही, चांगला ओंजळभर. माधवनगर रस्त्याच्या एका सर्व्हिस सेंटरने दोन्ही ऑईल घेतली. तिथल्या पोराने अण्णांचा कॅन ड्रमवर उपडा केला आणि रिकामा परत करू लागला. मी घेतला. कुपवाडकरांच्या साहेबांनी हो म्हटल्यामुळे पेट्रोल आज दुपारी त्यांच्या गेटवर पोचवलं. मेंढका, कटर काकांकडे ठेवलाय, त्यांच्याकडून घ्या.

भंगारवाला संध्याकाळी आला. वाकून मोअरला नाक लावलं, मग काट्यावर चढवला. इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम वेगळ्या भावाने धरायला लावलं मी त्याला. तरी शेवटी दोन किलो कापलेच. म्हणाला, “ताई, एवढा पुराचा गाळ हाय आत, त्याचं पैसं मी कुणाकडनं घेऊ?”